हेचिमा : दोडका की घोसाळं?

जपानी कवी मासाओका शिकीच्या शेवटच्या हायकूचं मराठी करताना एका वाचकाने त्यातल्या 'हेचिमा' या वेलावरच्या भाजीसाठी 'दोडका' वापरला, आणि आता विचारतोय, हे चाललं का?

भाजीपुरतं बोलायचं तर नाही चाललं. हेचिमाला धारदार शिरा नसतात, साल गुळगुळीत असते. म्हणजे आपलं घोसाळं, ज्याची भजी होतात ते, खानदेश-विदर्भाकडचं गिलकं. शिरांचा तो दोडका, कोकणातलं शिराळं. दोघांची फुलं पिवळीच, पण दोडक्याची संध्याकाळी उमलतात आणि घोसाळ्याची सकाळी. शिकीने कविता लिहिली ती दिवसाउजेडी.

तारीख १८ सप्टेंबर १९०२. मणक्याच्या क्षयाने शिकी तोक्योत काही वर्षं अंथरुणाला खिळलेला. बहीण रित्सूने पाटीवर लावलेला कागद समोर धरला, शिष्य हेकिगोतोने शाईत बुडवलेला कुंचला हातात दिला, आणि त्याने पडल्यापडल्या तीन हायकू लिहिले. रात्री उशिरा, १९ तारीख लागल्यावर, तो गेला. वय अवघं ३४.

पहिल्या हायकूचा सरळ अर्थ असा: घोसाळं फुललंय, आणि इथे कफ दाटलेला हा 'होतोके' (या शब्दाकडे शेवटी येतो). आता कफाचा नि घोसाळ्याचा संबंध काय? वेल बुंध्याशी कापून ठिबकणारं पाणी बाटलीत धरायचं, ते कफावर द्यायचं, असा तिकडचा घरगुती उपाय होता. दुसऱ्या हायकूत तो म्हणतो, कफ 'एक तो' (साधारण १८ लिटर!), हेचिमाचं पाणीही वेळेत पुरेना. तिसऱ्यात परवाचं पाणी धरायचंच राहून गेलं. वेल दारात फुललाय, म्हणजे औषध हाताशी आहे, आणि रोगी त्याच्या पलीकडे गेलाय. वेल कुठला ते चुकलं, तर हे सगळंच हातचं जातं.

तरी 'दोडका' सुचला त्यात वाचकाचा कान चांगलाच आहे. जपानीत हेचिमा म्हणजे कवडीमोलाची वस्तू. कुणाला हेचिमा म्हणणं ही शिवीच. आणि आपल्याकडे 'एक लाडका, एक दोडका' आहेच. ही छटा घोसाळ्याला नाही, हे मान्य.

मी तरीही घोसाळंच ठेवेन. शिकी नुसता कवी नव्हता, खमका टीकाकार होता. 'कोकिन्शू' हा हजारेक वर्षांचा पूज्य काव्यसंग्रह त्याने १८९८मध्ये टाकाऊ ठरवला आणि त्याचा संपादक त्सुरायुकी याला सरळ वाईट कवी म्हटलं. त्याचा आग्रह 'शासेइ'चा, म्हणजे समोर दिसतंय ते जसंच्या तसं टिपण्याचा. अशा माणसाच्या दारातली भाजी आपण बदलायची नाही. शिवाय जपानीत त्याच्या पुण्यतिथीला 'हेचिमा-कि' म्हणतात. त्याचं 'दोडका-तिथी' करून पाहा, हसू येईल.

खरी पंचाईत पुढच्या शब्दात आहे. 'होतोके' म्हणजे बुद्ध, आणि बोलीत मेलेला माणूसही. शिकी जिवंतपणीच स्वतःला तो शब्द लावतो. 'बुद्ध' लिहिलं तर मढं हरवतं, 'मढं' लिहिलं तर त्यातला मिश्कीलपणा जातो. 'कैलासवासी' मी लावून पाहिला. जवळ जातो, पण शंकर मध्ये येतो.