ग्रहाच्या आरोग्यासाठी काजूची बाग गहाण ठेवावी का?

पत्र : "सर, मी दोडामार्ग तालुक्यातला काजू बागायतदार. मुलगी पशुवैद्यकीय पदवीच्या इंटर्नशिपला आहे. पुढे स्पर्धा परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी होईल, असं आम्ही धरून चाललो होतो. आता म्हणते, परदेशात जाऊन प्लॅनेटरी हेल्थमध्ये एम.एस्सी. करायचं. तिथल्या विद्यापीठांतले संशोधक देशोदेशींच्या लोकांबरोबर मिळून काम करतात, त्यात तिला जायचंय. एजंटाने ३५ लाखांचा आकडा सांगितला. म्हणजे बाग गहाण. शेजारी विचारतात, ग्रहांचं आरोग्य म्हणजे पत्रिका बघायचा कोर्स आहे का? मला हसू येत नाही. यात खरंच काही आहे का? नोकरी कोण देतं? आणि गुरांच्या डॉक्टरने या भानगडीत का पडावं?"

उत्तर :

तुमच्या शेजाऱ्यांचा विनोद मला आवडला, पण इथे ग्रह एकच आहे, आपण राहतो तो. जंगल, पाणी, हवा, शेती यांत माणसाने जी ढवळाढवळ केली ती उलटून त्याच्याच तब्येतीवर कशी येते, हे शोधायचं आणि त्यावर उपाय काढायचा, एवढंच हे शास्त्र. 'प्लॅनेटरी हेल्थ' हे नाव रुळलं ते २०१५ साली, अमेरिकेतली रॉकफेलर फाउंडेशन ही देणगीदार संस्था आणि 'लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालामुळे. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये या विषयावर काम करणाऱ्या विद्यापीठांची आणि संस्थांची एक आघाडी उभी राहिली. नाव नवं आहे. काम जुनं आहे, आणि तुमच्या बागेपासून फार लांबचंही नाही.

माकडताप तुम्हाला मी सांगायला नको. २०१५ मध्ये पलीकडे गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये तुमच्या दोडामार्गात त्याने काय केलं, ते तुम्ही पाहिलंय. काजूच्या हंगामात, पाचोळ्यात बसून बिया गोळा करणारी माणसं आजारी पडायची. हा ताप पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ मध्ये, कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात. ओळखला कुणी? पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, एनआयव्हीने. ते केंद्र १९५२ मध्ये आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने रॉकफेलर फाउंडेशनच्या साथीने काढलं होतं. होय, तेच रॉकफेलर. रानात माकडं मरताहेत आणि माणसं तापाने फणफणताहेत, यातला दुवा शोधायला त्या वेळी विषाणूतज्ज्ञ, कीटकतज्ज्ञ, प्राण्यांचे जाणकार, देशी-परदेशी सगळे एकत्र बसले होते. दुवा निघाला गोचीड.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, गुरांच्या डॉक्टरने यात का पडावं. गोचिडीची बारीक पिल्लं माणसाला चावतात तेव्हा विषाणू अंगात जातो. पण ही गोचीड मोठी झाल्यावर रक्तासाठी गाठते ती गुरं. गुरांना ताप येत नाही, ती फक्त गोचिडी पोसतात आणि रानातून इकडे तिकडे नेतात. जंगल तोडून गावं आणि बागा आत सरकल्या, मागोमाग गुरं आत गेली आणि गोचिडींची चंगळ झाली. अलीकडे ब्रिटनच्या पर्यावरण संशोधन केंद्राने बेंगळुरूच्या संस्थांबरोबर यावर काम केलं. आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन खात्याच्या लोकांना सुरुवातीपासून सोबत घेऊन त्यांनी धोक्याचे नकाशे तयार केले. धोका जास्त कुठे निघाला? जिथे सदाहरित जंगल आणि बागायत एकमेकांत मिसळलेली आहे आणि गावठी गुरं जास्त आहेत, तिथे. तुमच्या अंगणातून दिसतं ते हेच चित्र नाही का? या कामात गोचीड, गुरं आणि गोठा समजणारं माणूस नसेल तर बाकीचे नुसते नकाशे रंगवत बसतील.

गिधाडांचीही गोष्ट सांगतो, ती तुमच्या मुलीला नक्की माहीत असेल. नव्वदच्या दशकात बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) विभू प्रकाश यांना भरतपूरला दिसलं की गिधाडं झपाट्याने कमी होताहेत. कारण कुणाला कळेना. २००४ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यक लिंडसे ओक्स यांच्या चमूने पाकिस्तानात काम करून ते शोधलं : गुरांना देत असत ते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये आपल्याकडे गुरांसाठी त्यावर बंदी आली. इथवर पक्षीतज्ज्ञ आणि पशुवैद्यक. मग २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला : गिधाडं गेली, मढी कुजत पडली, पाणी नासलं, कुत्री वाढली, आणि २००० ते २००५ या काळात त्यापायी सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली. गोठ्यातली एक सुई आणि ५ लाख माणसं. या साखळीतली पहिली कडी पशुवैद्यकाच्या हातात होती.

तेव्हा विषय खरा आहे आणि मुलीची नजर चांगली आहे. आता माझा आक्षेप.

प्लॅनेटरी हेल्थ हा पेशा नाही. वेगवेगळ्या पेशांच्या माणसांनी मिळून करायचं ते काम आहे. तुमच्याकडे दशावताराची कंपनी उभी राहते तेव्हा पेटीवाला लागतो, मृदंगवाला लागतो, संकासुर लागतो. 'मला सगळंच थोडं थोडं येतं' म्हणणाऱ्याला मालक ठेवत नाही. संशोधनाच्या चमूत तसंच असतं. अहमदाबादचं उदाहरण घ्या. २०१० च्या मे महिन्यात तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर महापालिका, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि अमेरिकेतली काही विद्यापीठं यांनी मिळून २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. त्यात मृत्यूंच्या नोंदी तपासणारा संख्याशास्त्रज्ञ होता, हवामानाचा अंदाज देणारा होता, डॉक्टर होते. एका रुग्णालयात प्रसूती विभाग छताखालच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरून खाली हलवला, तर उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं. मला हा आकडा फार आवडतो, कारण उपाय काय, तर जिना उतरायचा. पण तो सुचायला आणि सिद्ध करायला तापमानाची आणि दाखल बाळांची नोंद ताडून बघणारं कुणीतरी लागलं. 'मी प्लॅनेटरी हेल्थवाला' म्हणून तिथे कुणीही बसलेलं नव्हतं.

म्हणून तिने आधी पशुवैद्यकाच्या वर आणखी एक हुन्नर चढवावा. पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य किंवा साथरोगशास्त्रात एम.व्ही.एस्सी. करता येईल. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. किंवा एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी; अनेक संस्था पशुवैद्यकांना घेतात, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही त्यातली माझ्या आवडीची. बेंगळुरूची निवेदी संस्था जनावरांच्या साथींचाच अभ्यास करते. नागपुरात राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची (हे 'वन' म्हणजे जंगल नव्हे, इंग्रजीतलं 'एक' : माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र बघायचं) पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे. आणि पुण्यात एनआयव्ही आहेच, तिथे प्रकल्पांवर तात्पुरत्या जागा निघत असतात. पगार बेताचा, पण शिकायला मिळतं ते पैशांत मोजण्यासारखं नाही.

आणि तुमच्या मनातली नोकरी? पशुधन विकास अधिकारी होण्याला ती नाक मुरडत असेल तर माझं नाव सांगून तिला थांबवा. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला २ वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला किमान ३ वर्षांचा. तालुक्याच्या दवाखान्यात ३ वर्षं काढलेली पशुवैद्यक आणि कॉलेजातून थेट अर्ज करणारी मुलगी, या दोघींचे अर्ज शेजारी ठेवले तर कुणाचा वर जाईल, ते सांगायला समुपदेशक लागत नाही. युरोपात इरॅस्मस मुंडुसचे संयुक्त अभ्यासक्रम आहेत, त्यात शिष्यवृत्ती मिळाली तर फीही जाते आणि दरमहा खर्चालाही मिळतं. तिला खरोखर साजेसा अभ्यासक्रम हवा असेल तर लंडनमध्ये रॉयल व्हेटरनरी कॉलेज आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन मिळून वन हेल्थची एम.एस्सी. चालवतात, तो बघा. पण यातलं काहीही पदरच्या ३५ लाखांवर करू नका. एजंटाला कमिशन प्रवेशावर मिळतं, नोकरीवर नाही. शिवाय दिवस बरे नाहीत : परदेशी मदत वाटणारी अमेरिकेची यूएसएड जुलै २०२५ मध्ये बंद झाली आणि जगभरचे आरोग्य प्रकल्प कोलमडले. कर्ज काढून गेलेल्या मुलाला अशा वेळी थांबून वाट बघता येत नाही.

आता एक गोष्ट मुलीसाठी, पत्र तिलाही वाचायला द्या. या क्षेत्रात समन्यायाची, इक्विटीची भाषा फार चालते. ती खरी किती, हे कागदावरून कळत नाही. माझ्याकडचा एक मुलगा एका परदेशी प्रकल्पावर होता. दोन वर्षं पाड्यापाड्यावर फिरला, रक्ताचे नमुने गोळा केले, बर्फाच्या पेट्या मोटारसायकलवर बांधून आणल्या. पेपर छापून आला तेव्हा याचं नाव शेवटच्या आभारांच्या ओळीत, तेही चुकीच्या स्पेलिंगने. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, रुजू होण्याआधी विचारा : नमुने कुठे जाणार? माहिती कुणाच्या संगणकावर राहणार? लेखावर माझं नाव असेल का, कितव्या क्रमांकावर? निष्कर्ष गावात येऊन कोण सांगणार? परदेशी संस्थेबरोबरच्या आरोग्य संशोधनाला आपल्याकडे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. ती घेतली आहे का, हेही विचारायला लाजू नये. जे प्रमुख या प्रश्नांनी चिडतात, त्यांच्याकडे जाऊ नये.

उलटं उदाहरणही आहे. इंडोनेशियातल्या बोर्निओत, एका राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, सुकादाना गावात २००७ पासून एक दवाखाना आहे. डॉ. किनारी वेब यांनी तो सुरू करण्याआधी आजूबाजूच्या गावांत बसून शेकडो तास नुसतं ऐकलं. जंगल का तोडता? उत्तर आलं, घरात कुणी आजारी पडलं की पैसा उभा करायला दुसरं काय आहे? म्हणून दवाखान्याची फी रोपांनी, शेणखताने, विणलेल्या टोपल्यांनी भरायची सोय झाली, आणि ज्या गावात तोड कमी त्या गावाला सूट जास्त. १० वर्षांनी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उपग्रहाची चित्रं आणि दवाखान्याच्या नोंदी ताडून पाहिल्या. इतर राष्ट्रीय उद्यानांच्या तुलनेत तिथली जंगलतोड ७० टक्क्यांनी कमी होती. गावाने सांगितलं, दवाखान्याने केलं, विद्यापीठाने मोजलं. हा क्रम मला बरोबर वाटतो. आपल्या गडचिरोलीत बंग दांपत्याने तेच केलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून आले, पण नवजात बाळांवरचं काम गडचिरोलीच्या गावांत केलं आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं ते स्वतःच्या नावाने.

इंटर्नशिपचे जे महिने उरलेत त्यांत तिने एक करावं. हंगाम तोंडावर आहे. घरच्या आणि शेजारच्या चार गोठ्यांतल्या गुरांवरच्या गोचिडी दर आठवड्याला मोजून वहीत लिहाव्यात. किती गुरं, रानात चरून आलेली की बांधलेली, गोचिडी कानात की कासेजवळ, गोठ्यात पाचोळा अंथरला होता का. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं आणि तारीख टिपावी. गोचिडी काढताना हातमोजे, हे तिला सांगायला नको, पण तुम्हाला सांगतो. मे अखेरीस ती वही घेऊन माझ्याकडे या, दोघंही. वही अर्धी भरलेली असली तरी चालेल. त्या वहीवरून मला कळेल की तिला आकड्यांत रस आहे, प्रयोगशाळेत आहे की माणसांशी बोलण्यात, आणि मग कुठला अर्ज भरायचा ते ठरवू. एजंटाला तोवर काही देऊ नका, ॲडव्हान्सही नाही.