‘मी जातो’ म्हणणारी लेक

(वाचकांचे प्रश्न, बालवाडीच्या बाईंची उत्तरं)

प्रश्न : बाई, मी माहेरची नाशिकची. लग्न होऊन बेळगावात, शहापूरला आले त्याला पाच वर्षं झाली. लेक आता दोन वर्षं नऊ महिन्यांची आहे. सकाळी डोळे उघडले की तिचं तोंड सुरू होतं, ते रात्री झोपेत बडबडेपर्यंत. शेजारच्या कन्नड अज्जींकडून ‘ऊटा आतेन्री?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’ एवढं शिकलीय. दूध घालायला येणाऱ्या मामांना, मीटर बघायला आलेल्या माणसाला, सगळ्यांना दारातच विचारते. तेही बिचारे उभ्याउभ्या काय जेवले ते सांगतात. परवा खानापूरच्या बसमध्ये कंडक्टरनं मला बायकांचं फुकटचं तिकीट दिलं, तर हिला बाहुलीसाठीही तिकीट हवं. त्यांनी बाहुलीला विचारलं, ‘नाव काय तुझं?’ तर ही म्हणाली, ‘तिला बोलता येत नाही, मला विचारा.’ शेवटी त्यांनी खिशातला एक कोरा कागद फाडून दिला.

पण घोर वेगळाच आहे. सासूबाई ‘मी जेवलो’, ‘मी आलो की’ असं बोलतात. लेकही ‘मी जातो’, ‘मी रुसलो’ म्हणते. माझी आई फोनवर ऐकते आणि कासावीस होते. ‘पोरीची भाषा बिघडवलीत’ म्हणते. पाणी मागताना कधी पाणी, कधी नीर. बस गेली की ‘बस जाली’. परवा पाहुण्यांना म्हणाली, ‘आई म्हणते, आता उठतील तर बरं.’ मला हसू येतं, रागही येतो आणि संध्याकाळी डोकं नुसतं भणभणतं. तिला टोकू का? घरात एकच भाषा ठेवू का?
— एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर : ‘तिला बोलता येत नाही, मला विचारा.’ अगं, हे वाक्य आजच्या आज वहीत लिहून ठेव. तारीख घाल, बस कुठली होती तेही लिही. पुढच्या महिन्यात ती याहून चांगलं काही बोलेल आणि हे तू विसरशील. आईला सगळं आठवतं असं आपल्याला वाटतं, पण दिवसाला शंभर वाक्यं कानावर आली की त्यातलं एकही उरत नाही. वहीचं आणखी पुढे सांगते.

आधी ‘मी जातो’चं बघू. मी जन्मानं बेळगावची. माझी आई, आजी, दोन्ही आत्या, सगळ्या ‘मी आलो’, ‘मी करतो’ असंच बोलायच्या. बेळगाव, खानापूर, चंदगड, पार कोल्हापूरपर्यंत घरोघरच्या बायका स्वतःबद्दल असं बोलतात. ते इथलं मराठी आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मी एकतीस वर्षं बालवाडीत शिकवलं. वर्गात ‘मी आले’ म्हणायची, आणि दुपारी घरी उंबऱ्यात चपला काढता काढता ‘आलो गं आई’ अशी हाक मारायची. दोन्ही वेळा मी मीच होते, आणि ऐकणाऱ्यालाही कधी कोडं पडलं नाही. तुझ्या लेकीला आजीच्या तोंडून एक मराठी मिळतंय, तुझ्या तोंडून दुसरं. चार-पाच वर्षांची होईतो ती तुझ्याशी ‘मी जाते’ आणि आजीशी ‘मी जातो’ बोलायला लागेल. कुणी न शिकवता. अशी कितीतरी मुलं माझ्या हाताखालून गेलीत. सासूबाईंसमोर मात्र या शब्दावरून लेकीला टोकू नकोस. ते टोकणं लेकीपेक्षा त्यांना जास्त लागेल. आणि नाशिकच्या आजींना सांग, काळजी करण्यापेक्षा रोज दहा मिनिटं फोनवर नातीला गोष्ट सांगा. ‘मग मी आले, मग मी म्हणाले’ हे ऐकत ऐकतच ते तिच्या तोंडी बसेल.

‘बस जाली’ वाचून मला फार आनंद झाला. तिनं काय केलंय बघ. पळाली, उडाली, निघाली, मग जा म्हटल्यावर जाली! हा शब्द तिनं कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, स्वतःच्या डोक्यानं बनवलाय. म्हणजे शब्द कसे तयार होतात त्याचा नियम तिला सापडलाय. जा या शब्दापासून गेली कसं होतं हे तुला-मला तरी कुठं सांगता येईल? तशीच मुलं ‘करलं’ म्हणतात. ‘असं नाही म्हणायचं’ असं सांगितलंस तर तिचं सांगायचं राहूनच जाईल. तिला बसबद्दल बोलायचंय, तर तू म्हण, ‘हो की, गेली बस! कुठं गेली गं?’ बरोबर शब्द तिच्या कानावर पडला आणि बोलणंही पुढे गेलं. दिवसातून दहादा असं झालं की पुरे. ‘रिक्षा’ला ‘लिक्षा’ म्हणत असेल तरी असंच. काही मुलांच्या जिभेवर र पाच-सहा वर्षांपर्यंत बसत नाही.

आता पाणी आणि नीर. यावर मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं. वडगावच्या विणकराच्या घरातला एक मुलगा नवा आला होता, अडीच-पावणेतीनचा. घरात कन्नड, गल्लीत मराठी. पहिल्याच दिवशी माझा पदर ओढून म्हणाला, ‘नीर बेकु.’ मी म्हटलं, ‘पाणी हवं, असं म्हण.’ तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा सांगितलं. तो जाऊन जागेवर बसला. मला वाटलं, तहान विसरला. सुट्टी झाली, आई न्यायला आली, तेव्हा तिनं पिशवीतून पितळी तांब्या काढला आणि त्यानं दोन्ही हातांनी धरून तो अर्धा रिकामा केला. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. ओठ पांढरे पडले होते. आई मला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी माठाजवळ त्याला घेऊन गेले, पेला भरून हातात दिला आणि म्हटलं, ‘नीर. पाणी.’ तरी तो वर्गात बोलायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे माझ्यामुळे गेले हे मला अजून सलतं.

दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल उशिरा बोलतं किंवा गोंधळतं, हा समज खोटा आहे. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मोजायचे. पाणी आणि नीर म्हणजे तिच्याकडचे दोन शब्द झाले. एका वाक्यात दोन्ही मिसळणं हेही या वयात रीतसरच. बेळगाव १९५६ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून मराठी टिकवायची तळमळ आपल्या घराघरात आहे. माझ्या घरात ती जेवणाच्या ताटावर बोलली जायची. मला ती तळमळ मोलाची वाटते. म्हणूनच सांगते, तुझ्या लेकीला मराठी हवंहवंसं वाटलं पाहिजे. तिला मराठीत गोष्टी दे, न्हाऊ घालताना मराठीत गाणं म्हण, दुसऱ्या रेल्वे गेटवर गेट पडलं की गाडी येईपर्यंत डबे मोजा. आणि शेजारच्या अज्जींकडे तिला जाऊ दे. ज्या पोरीनं दारात आलेल्या माणसाला ‘जेवलात का?’ विचारायला शिकून घेतलं, तिला अज्जींनी काय वाईट शिकवलं?

पाहुण्यांचं थोडक्यात सांगते. तिच्या मनात खोट नाही. ऐकलं ते सांगितलं. सगळे हसले तर ती पुन्हा म्हणेल, म्हणून त्या वेळी हसायचं नाही आणि रागवायचंही नाही. ‘पाहुण्यांना पाणी दे बघू’ म्हणून कामाला लाव. पाहुण्यांविषयी जे बोलायचं ते ती झोपल्यावर बोला, एवढी शिस्त मात्र मोठ्यांनीच पाळायची.

तुझं डोकं भणभणतं, तेही मी मनावर घेतलंय. पत्रात तू ते एका ओळीत उरकलंस. दिवसभर प्रत्येक ‘का’ला उत्तर देणं हे अंगमेहनतीचं काम आहे. दुपारी किंवा संध्याकाळी अर्धा तास तिला आजीकडे किंवा तिच्या बाबांकडे सोपव आणि तू कपिलेश्वराच्या देवळापर्यंत एकटी चालत जाऊन ये. कुणी विचारलं तर देवाला गेले होते म्हण. मोबाइल हातात देऊन तिला गप्प करायचा मोह होईल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तर उत्तम. मोबाइल तिचं ऐकून घेत नाही, त्याला ‘का’ विचारता येत नाही. त्यापेक्षा तू कणीक मळत असशील तेव्हा एक गोळा तिच्या हातात दे आणि ‘आज बाहुलीनं काय केलं?’ एवढं विचार. पुढची वीस मिनिटं तुला फक्त ‘हं’ म्हणायचंय.

आता वही. माझा मुलगा लहान होता तेव्हा दोनशे पानी वही मी मसाल्याच्या डब्यापाशी ठेवायची, कारण त्याला सुचायचं ते मी स्वयंपाक करताना. पानांवर अजून हळदीची बोटं आहेत. तो आता चाळिशीला आलाय, बाहेरगावी असतो, फोनवर कामापुरतं बोलतो. त्या वहीत जूनमधली एक ओळ आहे. बेळगावचा पाऊस तुला आता माहीत आहे, चार-चार दिवस उघडत नाही. मी खिडक्या लावत होते आणि तो माझा हात धरून म्हणाला, ‘आई, लावू नको. पाऊस बाहेर भिजतोय, त्याला आत घे.’

मी तेव्हा काय उत्तर दिलं ते लिहून ठेवलेलं नाही. तू दोन्ही लिही, तिचंही आणि तुझंही.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा. छान बोलायचा. गेल्या महिन्यापासून ‘म-म-मला, मला’ असं अडखळतो. घाईत असला की जास्तच. नजर लागली म्हणतात.
— एक आई, निपाणी

उत्तर : या वयात डोक्यात वाक्यं भराभर येतात आणि जीभ मागे पडते. दोन ते पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांचं असं होतं आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. ‘सावकाश बोल’, ‘नीट बोल’ असं म्हणू नका. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याच्याकडे बघत थांबा आणि तुम्हीच जरा संथ बोला. मोठ्या भावंडांनी नक्कल केली तर त्यांना बाजूला घेऊन समजवा. सहा महिने झाले तरी थांबलं नाही, किंवा बोलताना तो डोळे मिटतो, चेहरा ताणतो, बोलायचंच टाळतो असं दिसलं, तर मात्र वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि वाचा-उपचार करणाऱ्यांकडे चिठ्ठी मागा. कान तपासून घ्यायलाही त्याच वेळी सांगा. दृष्ट काढायची तर काढा, पण त्याच्यासमोर अडखळण्याचं नाव काढू नका.