दावा लागलाय म्हणून नादारीचा अर्ज करावा का?

तुम्ही विचारलंय की सूत व्यापाऱ्यानं वसुलीचा दावा लावलाय, समन्स आलंय, माग जेमतेम चालतात, तर दिवाळखोरी जाहीर करून मोकळं व्हावं का? इचलकरंजीत माझे आठ माग होते. २०१८ साली असंच समन्स घरी आलं तेव्हा मीही वकिलांना पहिला प्रश्न हाच केला होता.

आधी समन्स नीट वाचा. साध्या दाव्यात कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस असतात; समरी म्हणजे झटपट चालणारा दावा असेल तर हजर व्हायलाच फक्त १०. घाबरून घरी बसलात तर तुमचं न ऐकताच एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा निकाल, होईल आणि मग वसुलीची दरखास्त, जप्ती. नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज टाकला की दावा थांबतो असं बाजारात सांगतात, ते खरं नाही. मुंबईबाहेर आपल्याला अजून १९२०चाच नादारीचा कायदा लागतो. २०१६च्या नव्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींचा भाग फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी सुरू झालाय. जुन्या कायद्यात दाव्यांना आडकाठी येते ती कोर्टानं नादार ठरवल्याचा आदेश दिल्यावर. तोवर तारखा चालूच.

वकिलांनी मला यादी करायला घरी पाठवलं. रात्री बायकोनं बँकेच्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून दिलं. डावीकडे देणी लिहिली, उजवीकडे आपल्या नावावर काय आहे ते. देणी मोठी दोनच निघाली, बँक आणि हा व्यापारी, सुताला खळ लावून देणाऱ्या सायझिंगवाल्याचं किरकोळ. व्यापाऱ्याचा खातेउतारा ताडताना तिच्याच लक्षात आलं की परत पाठवलेली सुताची चार पोती वजाच झालेली नाहीत, आणि न ठरलेलं २४ टक्के व्याज लावलंय. दावा ९ लाख ४० हजारांचा होता, आमच्या हिशेबानं देणं ६ लाख ८० हजार.

उजवीकडे होतं काय? माग बँकेकडे तारण, आणि भावाबरोबरच्या घरातला निम्मा हिस्सा. नादार ठरलो असतो तर तो हिस्सा रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात गेला असता, आणि तारणावरचा बँकेचा हक्क तसाच राहिला असता. त्या घरात आई राहत होती. मी कैफियत दिली, पोत्यांच्या पावत्या जोडल्या. पुढे लोकअदालतीत साडेसहा लाखांवर तडजोड झाली, १८ हप्त्यांत. तिथं मिटलं की दावा लावणाऱ्याला कोर्ट फी परत मिळते, त्यामुळे समोरचाही नरमतो.

आमच्याच गल्लीतल्या एकाचं मात्र वेगळं होतं. तीन व्यापारी, पतसंस्था, हातउसने, सगळे एकदम मागे लागलेले, माग भंगारात गेलेले. त्याला नादारीशिवाय वाट नव्हती, मीच त्याच्याबरोबर वकिलांकडे गेलो. पण त्यानं वर्षभरापूर्वी प्लॉट मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून दिला होता. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतलं असं बक्षीसपत्र कोर्ट रद्द करू शकतं, आणि मालमत्ता लपवली तर वर्षभराची कैद होऊ शकते. तुम्ही असं काही केलं असेल तर वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा, हात जोडून सांगतो.

चेक परत गेला असेल तर चेक न वटल्याची कलम १३८ची केस वेगळी, फौजदारी. नादारीनं ती सुटत नाही. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर केसच उभी राहत नाही. सरकारी देणीही नादारीतून माफ होत नाहीत. आणि रात्री झोप उडवणारी भीती, आत टाकतील का? पैसे नाहीत एवढ्यावर दिवाणी कैद होत नाही, ऐपत असून बुडवलं तर होते. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८० साली स्पष्ट केलंय.

वकील परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. दावा घरातल्या बाईवर लागला असेल तर उत्पन्न न बघता तिला मोफत वकील मिळतो. जाताना समन्स, दाव्याची नक्कल, खातेउतारा, माल परत केल्याच्या पावत्या आणि ती दोन रकान्यांची यादी बरोबर ठेवा.