सारणी किंवा आलेख पाहून समप्रमाण कसं ओळखायचं?

आठवीतल्या मुलीला सारणी किंवा आलेख पाहून दोन राशी समप्रमाणात आहेत का, हे ओळखता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी लातूर जिल्ह्यात आठवी-नववीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. बहुतेक मुलं एकाच जागी अडकतात. एक वाढलं की दुसरंही वाढतं, म्हणजे समप्रमाण, असं धरून चालतात.

सोयाबीन घ्या, आपल्याकडच्या लेकरांना ते सांगावं लागत नाही. भाव क्विंटलला ४,५०० रुपये धरा. २ क्विंटलचे ९,०००, ३ चे १३,५००, ५ चे २२,५००. तिला प्रत्येक वेळी रुपयांना क्विंटलने भागायला लावा. दर खेपेला ४,५००च येतात. भागाकार असा दर वेळी सारखाच आला, तरच त्या दोन राशी समप्रमाणात. पुस्तकातला चलनाचा स्थिरांक, म्हणजे न बदलणारा भागाकार, तो हाच. 'भाव' म्हटलं की मुलांना चटकन उमगतो.

आता तोच माल आडतीवर न्यायला टेम्पो केला. माल भरायचे ३०० रुपये, वर किलोमीटरला २०. म्हणजे १० किलोमीटरला ५००, २० ला ७००, ३० ला ९००. मुलगी हमखास म्हणेल, दर वेळी २००च वाढतात की, मग समप्रमाणच! लगेच चूक दाखवू नका, भागाकार करू द्या. ५०, ३५, ३० येतील. अंतर दुप्पट झालं, भाडं दुप्पट झालं नाही. वाढ सारखी असणं आणि गुणोत्तर सारखं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिचं तिला सापडलं पाहिजे. या एका सारणीवर अख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या.

मग दोन्हींचे आलेख काढा. रेषा दोन्हीकडे सरळच येते, म्हणून नुसत्या सरळपणावर जाऊ नका. 'शून्याला किती?' हे विचारा. माल शून्य तर पैसे शून्य, म्हणून सोयाबीनची रेषा आरंभबिंदूतून, म्हणजे दोन्ही अक्ष छेदतात त्या शून्यातून जाते. टेम्पो मात्र भरून दारात उभा राहिला तरी ३०० द्यावेच लागतात, म्हणून त्याची रेषा रुपयांच्या उभ्या वाय-अक्षाला ३०० वर छेदते. चौरसाची बाजू आणि क्षेत्रफळ यांचा आलेख शून्यातून निघतो, पण वळतो. तेही समप्रमाण नव्हे.

अक्षावर शून्याजवळ नागमोडी खूण दिसली, तर तिथले आकडे शून्यापासून सुरू झालेले नसतात. अशा वेळी रेषा कोपऱ्यातून निघालेली दिसली तरी तिच्यावरचे दोन बिंदू वाचून भागाकार करायला सांगा.