आयर्लंडला येताय? आयरिश नावं वाचायची कशी

नमस्कार. तुम्ही विचारलंय की गॉलवेला नोकरी मिळालीय, सोबत सात वर्षांची मुलगी येणार, आणि तिथली नावं नि पाट्या बघून धडकी भरते. तर आयरिश शिकूनच यावं का? कामाला, बँकेत, डॉक्टरकडे इंग्रजी पुरतं. तरी नावं वाचण्यापुरती आयरिश शिकून याच. मुलीच्या वर्गातली नावं पहिल्याच दिवशी समोर येतील, आणि समोरच्याचं नाव नीट घेता आलं की ओळख लवकर होते.

हे स्पेलिंग इंग्रजीपेक्षा पुष्कळ शिस्तीचं आहे, फक्त त्याला इंग्रजीचे उच्चार लावायचे नाहीत. गोव्यात रोमी कोकणी 'श'साठी एक्स लिहिते ती पोर्तुगीज वळणाने. तिथेही इंग्रजी कामाची नाही. आयरिशची पारंपरिक अक्षरं 18, व्यंजनांचे आवाज त्याहून खूप जास्त. म्हणून बहुतेक व्यंजनं दोन तऱ्हांनी बोलतात, जाड आणि बारीक. शेजारी ए, ओ, यू असेल तर जाड. ई किंवा आय असेल तर बारीक. आपल्याकडे म्हैसची म्हशी होते ना, ईकारापुढे 'स'चा 'श'? तसाच बारीक एस 'श' होतो. एस-ई-ए-एन म्हणजे शॉन; त्यातला ई बोलायचा नाही, तो एस बारीक आहे एवढंच सांगतो. ही गोष्ट पटली की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं एचचं. व्यंजन मऊ झालं की जुन्या आयरिश लिपीत त्याच्या डोक्यावर टिंब देत. विसाव्या शतकाच्या मध्यावर छपाई साध्या रोमन टाइपात आली, टिंब गेलं आणि त्या जागी एच रुळला. बी-एच, एम-एच म्हणजे ढोबळमानाने 'व', टी-एच, एस-एच म्हणजे 'ह', एफ-एच मुका. आता एन-आय-ए-एम-एच वाचा: नीव. एस-आय-ओ-बी-एच-ए-एन: शिवॉन. शिवाय जाड टी आणि डी दाताला जीभ लावून म्हणतात, आपल्या त-द सारखे. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते जड जातात, आपल्याला आयतेच येतात.

मुलीला शाळेत आयरिश शिकावीच लागेल. बाहेरून 12 वर्षांची होऊन आलेल्या मुलांना सूट मागता येते, सातव्या वर्षी ती मिळत नाही. काळजी करू नका, मुलं पटकन उचलतात. टॉयलेटला जायची परवानगी मागणारं वाक्य ती बहुधा लवकरच घरी म्हणून दाखवेल: 'अन विल क्यॅद अगम...' त्यातलं 'विल' लिहितात बी-एच-एफ-यू-आय-एल. मूळचा एफ पुसत नाहीत, त्याच्या आधी बी-एच लिहितात आणि तेवढंच बोलतात.

आणि हो, काही पबमध्ये दारावर फक्त आयरिश असतं. एम-एन-ए म्हणजे बायकांचं, एफ-आय-आर पुरुषांचं.

उच्चार ऐकायला त्यांगलन (टी-ई-ए-एन-जी-एल-ए-एन-एन) डॉट आयई ही साइट बघा. तिथे तिन्ही बोलींतली रेकॉर्डिंग्ज आहेत. तुम्ही गॉलवेला येताय, तर त्या भागाची, म्हणजे कॉनाक्ट प्रांताची ऐका.