तुमचे प्रश्न : देवदार नको, तून बघा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की माझ्याकडे सिगारचं एक छोटं कपाट आहे, तर पत्रांचा हा ढीग आलाय, आणि बहुतेक सगळी इंदूरचीच. म्हणजे पोहे-जलेबीच्या या गावात लोक गुपचूप चिरूट ओढतायत तर. चार पत्रं निवडली.

सप्रेम नमस्कार. जावई दुबईहून येताना २५ सिगारचा बॉक्स घेऊन आले. मी रिटायर्ड, महिन्याला एक ओढीन असा हिशोब होता. खराब होऊ नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवला, दोन महिन्यांत सगळा पाला झाला, हातात घेतली की वरचं पान तडकतं. आता घरीच ह्युमिडॉर, म्हणजे आतली ओल कायम राखणारं सिगारचं कपाट, बनवायचं म्हणतोय. मिस्त्री म्हणतो, त्याला लागणारं सीडरचं लाकूड म्हणजे देवदारच, मी आणून देतो. सांगू का त्याला? (सुदामानगर)

अहो आधी थांबवा त्याला! हीच चूक मी केलीय. आमच्या मिस्त्रीनेपण असंच छातीठोक सांगितलं होतं, मी देवदाराच्या फळ्या आणल्या, कपाट झालं झकास, आणि महिन्याभराने पहिला झुरका घेतला तर हरिद्वारच्या पूजासामानाच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटलं. देवदारात तेल-राळ खूप, ती सगळी सिगारमध्ये उतरते. ह्युमिडॉरसाठी ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात ते मुळात देवदार नाहीच, ते महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं झाड आहे, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. त्याचा सख्खा म्हणावा असा भाऊ आपल्याकडे आहे, तून. जुने वनस्पतीवाले त्यालाही सेड्रेलाच (स्पॅनिश सीडरचं शास्त्रीय नाव) म्हणायचे, आणि चहाच्या पेट्या, सिगारचे डबे याच लाकडाचे व्हायचे. वखारीत तून मागा, लालसर, हलकं, वास मंद गोड. नाही मिळालं तर सरळ महोगनी घ्या, तिला फार वास नाही पण त्रासही नाही.

फ्रिजबद्दल सांगतो, फ्रॉस्ट-फ्री फ्रिज हवा सुकवत राहतो, शिवाय शेजारी कांदा-लसूण. सिगारला हवी साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान. आपल्याकडे खरी मारामारी इथेच आहे, कारण मे महिन्यात दुपारची हवा २० टक्क्यांच्याही खाली जाते, रात्री कूलर लावला की तीच खोली ओली गच्च, आणि ऑगस्टमध्ये बाहेरच ८५-९०. म्हणजे कपाट किती देखणं झालं याला अर्थ नाही, ते किती घट्ट बंद होतं याला आहे. काचेचं दार हौस म्हणून ठीक, पण हवा पहिल्यांदा तिथूनच पळते, लावायचंच असेल तर चारी बाजूंनी रबराची गॅस्केट लावून घ्या, फ्रिजच्या दाराला असते तशी, लोहचुंबकवाली. मग दारात दहाची नोट अडकवून ओढून बघायची, चारी कडांना. सहज सरकली तर तिथे फट आहे. रात्री आत टॉर्च पेटवून ठेवला तर उजेडपण चहाडी करतो.

आतून पॉलिश, वॉर्निश, सनमायका काही नको, एमडीएफ तर नकोच, त्यातल्या गोंदाचा वास जन्मात जात नाही. बाहेरचा सांगाडा प्लायचा चालेल, आतून तूनच्या पाच-सहा मिलिमीटरच्या फळ्या नुसत्या घट्ट बसवायच्या, आणि जिथे फेव्हिकॉल लागेलच तिथे लावून आठ-दहा दिवस दार उघडं टाकून द्या. ट्रे जाळीचे किंवा पट्ट्यांचे, हवा खालून वर फिरली पाहिजे. मोठं कपाट असेल तर कॉम्प्युटरचा छोटा पंखा दिवसातून थोडा वेळ फिरवला की वर-खाली सारखी ओल राहते.

लाकूड कोरडं असतं, ते आधी स्वतः पाणी पितं, मग सिगारला देतं. म्हणून रिकाम्या कपाटात आधी ८४ टक्केवाली ओल देणारी पॅकेट्स दोन आठवडे ठेवा (बोवेडा कंपनीची ऑनलाइन मिळतात, २५ सिगारच्या जागेला ६० ग्रॅमचं एक). ओल्या फडक्याने पुसू नका, फळी वाकते. नंतर ६५ किंवा ६९ ची पॅकेट्स, ती ओल देतातही आणि जास्तीची शोषूनही घेतात, म्हणून पावसाळ्यातपण तीच. आणि ओल मोजणाऱ्या मीटरवर डोळे मिटून विश्वास नको. चमचाभर मिठात थेंब-थेंब पाणी घालून ओला गोळा करा, बाटलीच्या झाकणात ठेवा, मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद. सकाळी ७५ दाखवायला हवं. माझं नवं मीटर ६८ दाखवत होतं, म्हणजे सात टक्क्यांचा घोटाळा, आणि मी दोन महिने पॅकेट्सनाच शिव्या देत होतो.

कपाट पश्चिमेच्या भिंतीला नको, गच्चीखालच्या खोलीत नको. ज्या खोलीत एसी आहे तिथे, आतल्या भिंतीला.

आता खरं सांगू का, तुमच्याकडे आहेत २५ सिगार. त्यासाठी रबराची रिंग असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात तूनची एक फळी आणि ६५ चं एक पॅकेट, झालं काम, खर्च बाहेर एकदा जेवायला जाण्याइतका. सुकलेल्या आहेत त्यापण यातच टाका, महिनाभर उघडू नका, हळूहळू ओल घेतील. एकदम जास्त ओल दिली तर पान फुगून फाटतं. चव मात्र सगळी परत यायची नाही, उडालेलं तेल कुठून आणणार. कपाट शंभरच्या पुढे गेलात की बनवा. आणि जावई नेमक्या २५ च आणतात ना? २०१६ च्या बॅगेज नियमांत ड्यूटीशिवाय तेवढ्याच आणता यायच्या. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी हौसेने बांधलेल्या माणिकबाग महालात आता कस्टम्स-जीएसटीचं ऑफिस आहे, तिथून जाताना मला दरवेळी हे आठवतं नि हसू येतं.

मी २६ वर्षांचा आहे, कधी काही ओढलं नाही. लग्नात मित्राने सिगार दिली, जाम खोकला आला. सुरुवात कोणत्यापासून करू? (विजयनगर)

कधी काही ओढलं नाही ना, मग कशाला सुरू करता? हे मी ओढणारा म्हणून सांगतोय. धूर छातीत घेत नाहीत तरी तोंड, जीभ, घसा यांना कॅन्सरचा धोका आहेच, आणि मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तरी ओढणारच असाल तर खोकल्याचं कारण एवढंच, तुम्ही सिगारेटसारखा धूर आत ओढलात. धूर तोंडातच ठेवायचा आणि सोडायचा. मिनिटाला एखादा झुरका, त्याहून घाई केली की तापते आणि कडू होते. पहिली असेल तर फिक्या रंगाच्या पानाची घ्या, कनेक्टिकट म्हणतात ती, काळ्याकुट्ट मदुरोच्या वाटेला लगेच जाऊ नका. लहान साइझ घ्या, आणि रिकाम्या पोटी अजिबात नको, निकोटीनने गरगरतं. पेट्रोलच्या लायटरने पेटवू नका, गॅसच्या किंवा काडीने.

सिगारवर पांढरे ठिपके आलेत. दुकानदार म्हणतो ही मुरल्याची खूण, चांगलं असतं. एकीला टाचणीएवढं भोकपण आहे. (रामबाग)

पांढरं जवळजवळ नेहमी बुरशीच असते, मुरल्याची खूण वगैरे विकणाऱ्यांच्या गोष्टी. वरवर असेल तर कोरड्या ब्रशने झटका आणि ओल कमी करा, पेटवायच्या टोकाला आत शिरली असेल तर फेका. भोक मात्र गंभीर आहे. तो तंबाखूचा किडा, अंडी पानातच असतात आणि साधारण २४ अंशांच्या वर गेलं की बाहेर पडायला लागतात, म्हणजे आपल्याकडे मार्चपासूनच. भोकवाली आजच घराबाहेर टाका. बाकीच्या दोन झिप पिशव्यांत बंद करून उणे १८ ला तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रिजमध्ये, मग बाहेर. सरळ बाहेर काढल्या तर पान चिरतं. कपाट रिकामं करून कोपरे ब्रशने साफ करा, भुसा दिसेलच.

सून म्हणते कपाट हॉलमध्ये नको, घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. देवघराच्या खोलीत ठेवू का? (लोकमान्यनगर)

सूनबाईंचं बरोबर आहे. बंद कपाटाचा वास फार येत नाही, पण ओढणं गच्चीवरच, आणि खाली आल्यावर शर्ट बदलून, हात-तोंड धुऊनच बाळाला घ्यायचं. देवघराचं तुम्ही आणि देव बघून घ्या, मात्र तिथे सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लागत असेल तर दोन महिन्यांत सिगारला मोगऱ्याचा वास येईल. आणि कपाटाला कुलूप हवंच, बाळ वर्षभरात उभं राहून हाताला लागेल ते ओढून काढायला लागेल, आणि तंबाखूचा तुकडा तोंडात गेला तर त्या वयात थेट दवाखाना गाठावा लागतो.