दार आपटलं की वाजणारा स्पीकर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षांची हॅचबॅक, कंपनीचीच म्युझिक सिस्टीम, ड्रायव्हरच्या दारातला स्पीकर मध्येच गप्प होतो, दार जरा जोरात लावलं की पुन्हा गायला लागतो, आणि सर्व्हिस सेंटरवाला अख्खं हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला मुख्य प्लेअरच, बदला म्हणतो. गाडी नागपुरातच, दिवसभर उन्हात उभी.

हेड युनिटचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. दार आपटल्यावर जे सुरू होतं त्याचं दुखणं बहुतेक वेळा दारातच असतं.

मी हे पैसे घालवून शिकलोय. महाल ते हिंगणा एमआयडीसी अशी माझी रोजची ये-जा, गाडीला नववं वर्ष. कार डेकोरच्या दुकानातल्या पोट्ट्यानं अर्धं गाणं ऐकलं आणि निकाल दिला, "भाऊ, स्पीकर गेला तुमचा." नवी जोडी बसवली, चार दिवस झकास वाजली. पाचव्या दिवशी छत्रपती चौकाच्या अलीकडे पुन्हा तेच. म्हणजे स्पीकर गेलाच नव्हता. पॅनेल काढता-घालताना वायर हलली, आतली तुटकी टोकं एकमेकांना टेकली आणि आम्हाला वाटलं दुरुस्त झालं. येऊन-जाऊन होणाऱ्या बिघाडात हाच घोळ असतो, कशालाही हात लावला तरी थोडे दिवस बरं वाटतं.

दार उघडून बिजागरीच्या बाजूला बघा. दार आणि बॉडी यांच्यामध्ये घडीघडीची काळी रबरी नळी दिसेल. दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात: काच, लॉक, आरसा, स्पीकर. दिवसातून वीसदा दार उघडलं असं धरलं तर दहा वर्षांत सत्तर हजारांवर वेळा ती नळी वाकते. ड्रायव्हरचं दार सगळ्यांत जास्त उघडतं, म्हणून रडगाणं बहुधा त्याच दारापासून सुरू होतं. वायर तुटते ती आतून. वरचं प्लास्टिक शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. त्याच दाराची काच किंवा लॉक कधीमधी रुसत असेल तर संशय आणखी पक्का.

आता शोध कसा घ्यायचा ते सांगतो. गाणं पेन ड्राइव्हवरून लावा, एफएम नको, कारण सिग्नल कमी झाला तरी आवाज जातो आणि माणूस भलत्याच मागे लागतो. बॅलन्स (डावा-उजवा आवाज) पूर्ण उजवीकडे, फेडर (पुढचा-मागचा आवाज) पूर्ण पुढे. आता फक्त संशयित वाजतोय. गाडी उभी ठेवून दार हळूहळू उघडा, मिटा, रबरी नळी हातानं दाबा, वाकवा. एका ठरावीक कोनात आवाज येत-जात असेल तर पुढची बरीचशी मेहनत वाचली.

तुमच्या गाडीत आरशाजवळच्या कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डवर ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, असेल तर आणखी सोपं. बहुतेक साध्या सिस्टीममध्ये दारातला मोठा स्पीकर आणि त्या बाजूचा ट्वीटर हेड युनिटच्या एकाच आउटपुटवर असतात. ढोलकी गेली पण टाळ-झांजा ऐकू येतायत, म्हणजे हेड युनिट आपलं काम करतंय आणि गडबड त्याच्या पुढे आहे. सर्व्हिस सेंटरवाल्यासमोर हे करून दाखवा, मग हेड युनिटचा विषय तो स्वतःच सोडेल.

पक्का पुरावा हवा तर मल्टिमीटर घ्या. साधा दोन-तीनशे रुपयांत मिळतो, मी बर्डीवर घेतला होता. हेड युनिटच्या मागचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढा आणि त्यातल्या पुढच्या उजव्या स्पीकरच्या दोन वायरींवर मीटर ओहमवर ठेवून लावा. बहुतेक गाड्यांत स्पीकर 4 ओहमचे असतात, मीटरवर साधारण 3 ते 4 दिसतं. आता घरातल्या कुणाला तरी दार सावकाश हलवायला सांगा. आकडा स्थिर राहिला तर वायर ठीक. मध्येच उडून नुसता 1 किंवा ओएल दिसला तर वायर तुटलीय. माझ्या गाडीत दार अर्धं उघडलं की आकडा जायचा आणि पूर्ण उघडलं की परत यायचा. बायको दार हलवून कंटाळली, मी मात्र खुश.

मीटर नसेल तर कपलरवरच उजव्या-डाव्या पुढच्या स्पीकरच्या जोड्या तात्पुरत्या अदलाबदल करा. बिघाड डावीकडे सरकला तर दोष हेड युनिटचा. उजवीकडेच राहिला तर हेड युनिट सुटलं.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. "निगेटिव्ह बॉडीला दे" हा जुन्या मिस्त्रींचा सल्ला इथे घातक आहे. आजच्या हेड युनिटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मा, म्हणजे 6 व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्यातली कोणतीही बॉडीला टेकली की आतला अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला वाचवायला सगळं बंद करतो. म्हणूनच एखाद्या दिवशी चारही स्पीकर एकदम गप्प झाले तर चारही जळाले असं समजू नका. त्याच नळीत उघडी पडलेली वायर पत्र्याला लागली असेल.

दार पूर्ण निर्दोष निघालं तर मग स्पीकर. पॅनेल काढून कागदी कोनवर चारी बाजूंनी बोटं टेकवा आणि अलगद दाबा. खरखर लागली तर आतली कॉइल घासतेय. कोनकडे जाणाऱ्या दोन विणलेल्या पातळ तारा तुटल्या असतील तर तिथेही आवाज येतो-जातो. टर्मिनलवर हिरवट थर दिसला तर पाणी पोचलंय. पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा काचेचं काम करणाऱ्यानं फाडून तसाच सोडलेला असतो, किंवा दाराच्या तळाची पाणी जायची भोकं चिखलानं बुजलेली असतात.

आपल्याकडची आणखी एक भानगड म्हणजे उन्हाळा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे काय भट्टी पेटते ते तुम्हाला सांगायला नको. हेड युनिटमधला एखादा कच्चा सोल्डर गरम झाला की सुटतो, थंड झाला की धरतो. आवाज दुपारीच जात असेल, एसी अर्धा तास चालल्यावर परत येत असेल आणि दाराशी त्याचा संबंध दिसत नसेल, तर सर्व्हिस सेंटरवाला बरोबर असू शकतो. तेव्हाही आधी सोल्डर करून देणारा माणूस गाठा, नवं युनिट नंतर.

वायरच निघाली तर पिळून टेप गुंडाळणाऱ्याकडून काम करून घेऊ नका, महिन्याभरात परत जाल. तुटका भाग कापून मऊ, बारीक तारांची वायर थोडी लांब घालायची, आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर, जिथे वाकत नाही अशा जागी घ्यायचे. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि वाकवली तर तिच्या शेजारीच पुन्हा तुटते. शेजारच्या वायरीही तपासून घ्या, त्यांचंही वय तेवढंच आहे.

पॅनेल काढताना बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि चार-पाच मिनिटं थांबा. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, तिकडे बोटसुद्धा लावू नका. काही सिस्टीम बॅटरी काढल्यावर कोड मागतात, तो आधी गाडीच्या कागदपत्रांत शोधून ठेवा. पॅनेलचे स्क्रू हँडलच्या खोबणीत झाकणाखाली लपलेले असतात. ते न काढता ओढलं तर क्लिपा तुटतात, माझ्या तीन तुटल्या.

आणि हे सगळं सकाळी नऊच्या आत उरका. त्यानंतर उन्हातल्या दाराला हात लावणं म्हणजे तव्याला हात लावणं.